आजी कष्टाळू होती, हे झालं. पुढे काय लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: करवीर तालुक्यात भोगावतीकाठच्या गावातली तुमची आजी गेल्या पावसाळ्यात वारली. वय नव्वदीच्या पुढं. आधार कार्डावर जन्मतारीख ०१/०१/१९३१. शाळा नाहीच्या जमा. माहेर पन्हाळा तालुक्यातलं. वर्षश्राद्धाला घरच्यांच्या हातात देता येईल अशी पुस्तिका करायची आहे. हाताशी दोन फोटो, दोन आत्या आणि एक चुलत आजी. लिहायला बसलं की ‘आयुष्यभर कष्ट केले, सगळ्यांना जीव लावला’ एवढं होतं आणि लेखणी थांबते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकरी बायकांच्या आठवणी बरीच वर्षं लिहून घेते आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरात लेखणी याच वाक्यावर थांबलेली पाहिली आहे. वाक्य खरं आहे, पण ते तिच्या गावातल्या तिच्या वयाच्या प्रत्येक बाईला लागू पडतं. कष्ट सगळ्यांनी केले. तुमच्या आजीला काय येत होतं आणि तिनं आयुष्यात काय काय ठरवलं, हे मात्र फक्त तिचं आहे. पुस्तिका या दोन गोष्टींवर उभी करा. माझ्या सगळ्या सांगण्याचं सार एवढंच; खाली ते कसं करायचं ते लिहिते.

आधी काळाची चौकट लागते. आधारवरची एक जानेवारी खरी मानू नका. दाखला नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं अंदाजे साल धरून ती तारीख टाकली जाते. (शाळेच्या रजिस्टरात एक जून दिसला तरी तसंच समजा, गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते.) आत्यांना साल विचारू नका. साल त्यांना सांगता येणार नाही, पण ‘तेव्हा कडेवर कोण होतं’ हे पक्कं सांगता येईल. म्हणून साल आपल्याला माहीत असलेल्या घटनेशी विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चारच्या पुढं झाला. आपल्याकडं त्या पहाटे माणसं घराबाहेर पळाली होती आणि ती पहाट कुणी विसरलेलं नाही. ‘भूकंपाला धाकटी आत्या झाली होती का, का आजी पोटुशी होती?’ एवढ्या एका प्रश्नानं चार मुलांची वयं जागेवर बसतात.

त्याच्या आधीचेही असे खुंटे, म्हणजे सालाच्या खुणा, आहेत. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्ये गेले. गांधीहत्येनंतरची जाळपोळ १९४८ ची. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. माहेर पूर्वेकडं, वळिवडे-उचगावच्या बाजूला असतं, तर मी पोलंडच्या निर्वासितांची छावणी विचारायला सांगितली असती. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे पाच हजार माणसं राहत होती आणि आसपासच्या गावातल्या बायकांना ती आठवतात. पुढचे खुंटे १९७२ चा दुष्काळ, आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर. यापेक्षाही उपयोगी पडतात ते गावाचे स्वतःचे खुंटे: नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा कधी झाला, गिरण कधी आली, वीज कधी आली, यष्टी गावात कधी शिरली, घरावर कौलं कधी चढली. चावडीवरच्या जुन्या माणसांकडून ही यादी एका संध्याकाळी होते. गिरणीचं साल तर सोडूच नका. त्याआधी आजी पहाटे जात्यावर बसत होती आणि त्यानंतर नव्हती, म्हणजे तिच्या रोजच्या दिवसातले दोन तास त्या साली बदलले.

आता कागद. तुम्ही म्हणता ‘कागद काहीच नाहीत’. असतात, पण तिच्या सासरच्या कपाटात नसतात. एक लक्षात ठेवा: लग्नात तिचं नाव बदललं असणार, त्यामुळं सासरच्या नावानं जन्माची नोंद सापडणार नाही. माहेरच्या गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात बघायला मागा. त्यात बहुधा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच असतं. म्हणून पणजोबांचं पूर्ण नाव आणि तीन-चार वर्षांचा अंदाज घेऊन जा. जुनी पानं मोडी लिपीत असतील. कोल्हापुरात मोडी वाचून देणारे जाणकार मिळतात. आजी एक-दोन इयत्ता जरी बसली असेल तरी माहेरच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं, आणि काही मुलींचीही नावं रजिस्टरात चढायची, मग पुढं भाऊ सांभाळायला म्हणून निघायची. नाव निघालं ती तारीख आणि शेरा, दोन्ही उतरवून घ्या.

सगळ्यात बोलका कागद मात्र जमिनीचा. सातबारा नुसता पाहू नका, त्यावरच्या फेरफारांचे (मालकी बदलल्याच्या नोंदींचे) क्रमांक घेऊन प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. तुमच्या आजीचं नाव सासरच्या सातबाऱ्यावर बहुधा आजोबा वारल्यावर, वारस म्हणून पहिल्यांदा आलं असेल. ती तारीख बघा आणि तोवर तिनं ते रान किती वर्षं कसलं ते मोजा. मग माहेरच्या गावी जा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पणजोबा त्यानंतर वारले असतील तर वारसांच्या नोंदीत मुलगी म्हणून तिचं नाव यायला हवं, आणि तिथं तुम्हाला तिच्या सगळ्या भावंडांची नावं एका ओळीत मिळतील. त्याच्या पुढच्या फेरफाराला हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, असण्याची शक्यता फार मोठी आहे.

त्या हक्कसोडापाशी थांबा. मी ज्या ज्या घरांत बसले तिथं या विषयावर बायका आधी गप्प होतात आणि मग फार बोलतात. कुणी सही दिली कारण भावाची परिस्थिती तिच्यापेक्षा वाईट होती. कुणी दिली कारण माहेरची दिवाळी, साडीचोळी, बाळंतपणाला हक्कानं जायचं घर तुटू नये. कुणाला गाडीत घालून कचेरीत नेलं आणि अंगठा घेतला, कशावर ते सांगितलंच नाही. एका बाईनं पाच वर्षं सही दिली नाही आणि भावाच्या मुलीचं लग्न ठरल्यावर स्वतः जाऊन दिली, कारण हुंड्यापायी रान सावकाराकडं जाईल असं तिला दिसत होतं. यातलं तुमच्या आजीचं कारण कोणतं? आत्यांना ते माहीत असणार. पुस्तिकेत गट नंबर आणि गुंठे घालायची गरज नाही, जिवंत माणसांची भांडणं त्यानं उकरली जातात. तिचा निर्णय आणि त्याचं कारण मात्र घाला. आयुष्यात तिच्या नावावर झालेला तो बहुधा पहिला कायदेशीर व्यवहार आहे.

माणसांकडून आठवणी घेताना एक पथ्य पाळा: सगळ्यांना एकत्र बसवू नका. सोप्यात (ओसरीवर) पुरुष बसले की आत्या ‘दादाला इचार, त्याला सगळं ठावं हाय’ म्हणून उठतात. एकेकीला तिच्या स्वयंपाकघरात, हातात काहीतरी काम असताना गाठा. शेंगा फोडताना, तांदूळ निवडताना बाई जितकी बोलते तितकी खुर्चीवर बसवून बोलत नाही. फोन विमान मोडवर टाकून शेजारी ठेवा आणि परत परत त्याच्याकडं बघू नका. चुलत आजीला सगळ्यात आधी गाठा, तिचं वय पाहता हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ती आजीची जाऊ आहे. एकाच चुलीवर, एकाच सासूच्या हाताखाली दोघींनी दिवस काढलेत; मुलींना जे आई सांगत नाही ते जावेला माहीत असतं. शिवाय घराबाहेरच्या दोघी-तिघी शोधा, आजीबरोबर भांगलणीला (तण काढायला) जाणाऱ्या. घरच्यांना आजी म्हणजे आई-आजी एवढीच दिसते. बरोबरीच्या बायकांना ती हसरी होती का खवट होती, कुणाची नक्कल करायची, पैऱ्यात कुणाचा दिवस बुडवायची नाही, हे ठाऊक असतं.

पैऱ्याबद्दल विचाराच. रोप लावणीला किंवा भांगलणीला आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या, परवा तिच्या, असं चालायचं. पैसा नाही, वही नाही. पंधरा-वीस बायकांचे कुणाकडं किती दिवस फिटले, किती राहिले, बाळंतीण झालेल्या बाईचे दिवस कुणी भरले, हा सगळा हिशोब डोक्यात. पाऊस धरून आला की कुणाचं रान आधी घ्यायचं हे कोण ठरवायचं? त्या बोलण्यात आजीचं नाव आलं तर ती गावातली एक मोठी कारभारीण होती असं समजा, आणि ते तसंच लिहा.

कामाबद्दल प्रश्न विचारायची एक रीत आहे. ‘आजी शेतात काय करायची?’ याला उत्तर ‘सगळंच’ असं येतं. त्याऐवजी एक काम घ्या आणि त्याच्या आत शिरा. धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात करायची, पेरणी रोहिणीच्या सुमाराला करायची की मृग बघायचा, यावर घरात वाद व्हायचा का? बियाणं कुणी राखलं? भाताचं बी कणगीत, दोडक्या-वांग्याचं बी राखेत घोळून मडक्यात, हे बहुतेक घरात बायकांच्या हातात होतं, आणि बियाण्याला कीड लागली तर पुढचं साल उधारीवर जायचं. गुऱ्हाळ असेल तर गुळव्याचं नाव सगळ्यांना आठवतं. रस उकळायच्या काहिलीखाली जाळायला लागणारी उसाची चिपाडं पसरून, उलटून, वाळवून कुणी दिली? पाऊस आल्यावर ती झाकायला रात्री कोण धावलं? चिपाड ओलं राहिलं तर जाळ लागत नाही आणि गुळाचा रंग जातो, म्हणजे गुळाच्या रव्याच्या (ढेपेच्या) दरात त्या बाईचा हात होता. असं तपशिलानं लिहिलं की ‘कष्टाळू’ म्हणावंच लागत नाही.

शक्य असेल तर आत्याला घेऊन रानातून चाला. प्रत्येक तुकड्याला नाव असतं आणि प्रत्येक नावाबरोबर आठवण असते. बांधावर उभं राहिल्यावर ‘हितं आईनं इरलं टाकून मला निजवलं हुतं आणि वरनं पाऊस’ असं काहीतरी निघतं, जे घरात बसून निघत नाही.

म्हशींना मात्र स्वतंत्र प्रकरण द्या. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, आपला ‘गोकुळ’, १९६३ साली सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत गावोगाव दूध संस्था निघाल्या. माझ्या पाहण्यात शेतकरी बाईच्या आयुष्यात यासारखा दुसरा बदल नाही. उसाचं बिल कारखान्यातून वर्षात ठरल्या वेळी, सभासदाच्या म्हणजे पुरुषाच्या नावावर यायचं. गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, अडत दुकानातून पुरुषाच्या हातात यायची. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी आलं. पुस्तक आजोबांच्या नावाचंच असेल, पण धार कुणी काढली, वैरण कुणी आणली, फॅट कमी लागल्यावर डेअरीत जाऊन कोण भांडलं? ते दहा दिवसांचे पैसे हळूहळू बायकांच्या हातात आले. तुमच्या वडिलांची कॉलेजची फी, आत्याच्या लग्नातलं मंगळसूत्र, घराची कौलं, यातलं काय दुधातून झालं हे विचारा. दिवाळीला मिळणारा दुधाच्या दराचा फरक कशात घालायचा हे कोण ठरवायचं तेही विचारा. पहिली म्हैस कुठल्या बाजारातून आणली, किती पैशाला, पैसे कुणाचे, हे बायकांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं आठवतं. डेअरीची जुनी पुस्तकं माळ्यावर सापडली तर फेकू नका, त्यांचे फोटो काढून पुस्तिकेत छापा. तिच्या कामाचा लेखी हिशोब एवढाच शिल्लक असतो.

म्हशी ओळखण्यातलं तिचं ज्ञानही लिहा. माजावर आलेली म्हैस ओरडण्यावरून कळते, अडलेल्या म्हशीला कधी हात लावायचा आणि कधी डॉक्टरला बोलवायचं, आटायच्या आधी खुराक कसा बदलायचा, हे तिला कुणी शिकवलं? बहुधा सासूनं. म्हणजे सासू-सुनेच्या नात्यात भांडणाइतकंच शिकवणंही होतं, आणि ते कुणी लिहीत नाही.

पूर आला की काय करायचं हेही तिला पाठ असणार. तुम्ही भोगावतीकाठचे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी किती वेळात कुठवर येतं याचा अंदाज जुन्या माणसांना असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी तिच्याही दहा फुटांहून जास्त वर गेलं. त्या दोन्ही वेळी आजी नव्वदीच्या आसपास होती. तिनं आधी काय हलवायला सांगितलं, म्हशी, बियाणं की कागद? घर सोडायला तयार होती का? हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे, कुणाला विचारायचीही गरज नाही. आजच लिहून ठेवा.

आता अवघड भाग. ‘मुलं किती?’ असं विचारलं की जगलेली मुलं मोजतात. ‘बाळंतपणं किती?’ असं विचारा. या दोन आकड्यांत फरक निघाला तर लगेच पुढचा प्रश्न करू नका, बसून राहा. त्या काळात देवीनं, गोवरानं, नुसत्या जुलाबानं मुलं गेली आणि आई तिसऱ्या आठवड्यात परत रानात गेली. त्या मुलांची नावं ठेवलेली असतील तर पुस्तिकेच्या वंशावळीत ती घाला. मी असं सुचवलेल्या घरांत सुरुवातीला लोक कचरले, पण नावं छापल्यावर सगळ्यात जास्त समाधान म्हाताऱ्या आत्यांना झालं, कारण त्यांनी ती भावंडं मांडीवर घेतलेली होती.

तिचे दोषही येऊ द्या. मुलाला दूध आणि मुलीला ताक, असं तिनं केलं असेल तर आत्या ते सांगतील, आणि सांगताना रडतीलही. सुनेला जाच झाला असेल तर तुमच्या आईला विचारा, पण छापायचं की नाही हे आईनं ठरवायचं. देवमाणूस, माउली, त्यागमूर्ती असले शब्द श्रद्धांजलीच्या फलकावर असू द्यात. पुस्तिकेत ते आले की वाचणारा तिला ओळखत नाही. ती कुणावर रागवायची, कशासाठी हट्टानं उपाशी बसली, तिखट करताना डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मिरचीचं प्रमाण स्वतः उभं राहून का बघायची, जोतिबाच्या खेट्यांना माघात कुणाबरोबर चालत जायची, हे आलं की नातवंडांच्या पुढच्या पिढीलाही ती दिसेल.

ओव्यांचं विसरू नका. चुलत आजीला ‘ओवी म्हणा’ असं सांगितलं तर लाजेल. जात्याचा खुंटा हातात दिला, किंवा नुसता दळायचा विषय काढला, तर येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, इतका हा साठा मोठा होता, आणि त्यातली प्रत्येक कुणा ना कुणा बाईच्या तोंडची होती. भावाची ओवी, लेकीची ओवी, सासरची ओवी. आजीच्या आवडीची म्हणून चुलत आजी जी म्हणेल ती जशीच्या तशी उतरवा.

जशीच्या तशी म्हणजे खरंच तशीच. आपल्याकडं जुन्या बायका ‘मी गेलो’, ‘मी केलो’, ‘आम्ही आलो’ असंच बोलतात. टाइप करताना त्याचं ‘मी गेले’ करायचा मोह होतो, पुण्यात राहिलेल्यांना तर जास्तच. करू नका. आजीची वाक्यं तिच्याच बोलीत अवतरणात ठेवा, तुमचं लिहिणं तुमच्या भाषेत ठेवा. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कवा’ याची शुद्धलेखनाशी तडजोड नको.

मांडणीत जन्म-लग्न-मुलं-मृत्यू असा क्रम लावायलाच हवा असं नाही. एक सोपा मार्ग सांगते. पहिल्या दोन पानांत काळाची चौकट द्या. मग तिच्या एका दिवसाचं सलग वर्णन, १९६५ च्या आसपासचं, पहाटेच्या दळणापासून रात्रीच्या धारेपर्यंत. मग रान, म्हशी, माणसं, आणि तिचे तीन-चार मोठे निर्णय. शेवटी वंशावळ, तीत लेकींची आणि त्यांच्या मुलांचीही नावं. बऱ्याच घरांच्या वंशावळीत फक्त मुलगे असतात. इथं तरी तसं करू नका. चाळीस पानं पुरे होतात.

छापायला देण्याआधी कच्चा मजकूर दोन्ही आत्यांना आणि चुलत आजीला वाचून दाखवा, कागद हातात देऊन परत मागू नका. वाचताना त्या मध्येच अडवतील, ‘आगं तसं न्हवतं’ म्हणतील, आणि जे पहिल्या दोन बैठकांत आलं नव्हतं ते तेव्हा येईल. म्हणून त्या वाचनाचंही रेकॉर्डिंग करा. दोघींनी एकच प्रसंग दोन तऱ्हेनं सांगितला तर खरं कुणाचं याचा निकाल लावत बसू नका, दोन्ही छापा, खाली कुणी सांगितलं ते लिहा. आणि वर्षश्राद्धाची तारीख गाठायची म्हणून घाई करू नका. चुलत आजीचं बोलणं तेवढं आधी उतरवून घ्या, छपाई दिवाळीनंतरही होईल.